प्रेसखालचा अर्धा सेकंद

फेब्रुवारी संपत आला की भोसरी एमआयडीसीतल्या या गल्लीत वर्गणीची वही फिरते. गणपतीची नव्हे, सुरक्षा सप्ताहाची. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. १९७२ पासून ती तारीख राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळतात आणि पुढचा आठवडा सप्ताह चालतो. मोठ्या कंपन्यांच्या गेटवर त्या दिवसांत हिरवे झेंडे लागतात, सामुदायिक शपथ होते, घोषवाक्यांच्या स्पर्धेत कँटीनमधलं कुणीतरी पहिलं येतं. एका गाळ्यात आठ-दहा माणसं आणि सहा पॉवर प्रेस असलेल्या गल्लीने काय करायचं, यावर मात्र दरवर्षी वाद होतो.

यंदाच्या वादात दोन माणसं समोरासमोर होती. एक अण्णा. वीस वर्षांपूर्वी ते दुसऱ्याच्या शेडमध्ये प्रेस ऑपरेटर होते, आज स्वतःचं प्रेस शॉप चालवतात. त्यांच्याकडचे ब्रॅकेट आणि वॉशर तीन हात फिरून शेवटी कुठल्यातरी नामांकित गाडीत बसतात. दुसऱ्या सिस्टर. आयुष्यभर कामगार विमा रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करून निवृत्त झालेल्या, अण्णांच्याच सोसायटीत राहणाऱ्या. खरं नाव बहुतेकांना ठाऊक नाही, सगळे सिस्टरच म्हणतात. (दोघंही कुणा एकाचं चित्र नव्हेत. भोसरी-चाकण पट्ट्यात कानावर पडणारं बोलणं त्यांच्या तोंडी आहे.)

अण्णांची यादी तयार होती. पंचवीस पोस्टर, दोनशे जोड हातमोजे, सकाळी शपथ, मग चहा-वडापाव. "मुलांना सवय लागली पाहिजे, सिस्टर. मशीनवर उभं राहून मोबाईल बघतात. डोकं ठिकाणावर नसेल तर कायदा काय करणार?"

"हातमोजे कुणाकुणाला वाटणार?"

"सगळ्यांना. भेदभाव नको."

"ड्रिलवाल्याला पण?"

अण्णा थांबले. फिरत्या ड्रिलच्या बिटात मोज्याचं टोक अडकलं की बोट सुटत नाही, मनगटासकट ओढलं जातं. ड्रिलिंग मशीनवर हातमोजे घालायचे नसतात हा या धंद्यातला जुना नियम, आणि अण्णांना तो चांगला माहीत होता. यादी करताना आठवला नव्हता, एवढंच. सप्ताहाच्या उत्साहात असं होतं. वाटायला सोपी आणि फोटोत दिसणारी वस्तू निवडली जाते. ती कुठल्या मशीनसमोर जाणार, हे बघायचं राहून जातं.

"बरं, ड्रिल सोडून," अण्णा म्हणाले. "पण मूळ मुद्दा तोच आहे. मी आठ वर्षं प्रेसवर होतो. रोज बारा-बारा तास. ही बघा, दहाच्या दहा बोटं." त्यांनी दोन्ही पंजे टेबलावर पसरले. "का? तर लक्ष होतं."

"ज्यांची गेली ते मालक झाले नाहीत, अण्णा. म्हणून या टेबलावर त्यांचे पंजे दिसत नाहीत."

लक्ष या गोष्टीचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. एक माणूस पत्र्याचा तुकडा हाताने डायमध्ये ठेवतो, पायाने पॅडल दाबतो, प्रेसचा वरचा भाग, म्हणजे रॅम, खाली येऊन जातो, तो जॉब काढतो, पुढचा ठेवतो. मिनिटाला पंधरा जॉब धरले आणि जेवण-चहा वजा करून सात तास काम धरलं, तर एका पाळीत ६,३०० वेळा त्याचा हात पंच आणि डायच्या मधे जातो. महिन्याला दीड लाखाच्या वर. आता वेग. मिनिटाला साठ स्ट्रोकची प्रेस असेल तर रॅमची एक फेरी एका सेकंदाची. खाली यायला त्यातला अर्धा. माणसाचा हात सेकंदाला साधारण १.६ ते २ मीटर सरकतो असं धरून यंत्रांची सुरक्षित अंतरं काढतात. म्हणजे त्या अर्ध्या सेकंदात हात ऐंशी सेंटिमीटर ते एक मीटर जाऊ शकतो. तिरका बसलेला जॉब नीट करायला पुढे गेलेल्या हाताला एवढा वेळ पुरून उरतो. सहा हजार तीनशेपैकी सहा हजार दोनशे नव्व्याण्णव वेळा माणूस सावध राहिला तरी पाळीचा शेवट दवाखान्यात होऊ शकतो.

अण्णांना हा हिशेब मान्य नव्हता असं नाही. फक्त त्यांच्याकडे दुसरा आकडा होता. त्यांच्या गाळ्याच्या भिंतीवरच एक तक्ता टांगलेला आहे: ८८ टक्के अपघात कामगाराच्या चुकीमुळे. "हे मी नाही छापलं," ते म्हणाले. "ट्रेनिंगला देतात."

खरंच देतात. हा आकडा जगभरच्या भिंतींवर आहे आणि त्याचं मूळ १९३१ सालात आहे. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी अपघातप्रतिबंधावर पुस्तक लिहिलं. विम्याचे दावे आणि कारखान्यांतले अहवाल चाळून त्यांनी ८८ टक्के अपघात माणसाच्या वागण्यामुळे, १० टक्के यंत्र आणि जागेच्या दोषांमुळे आणि २ टक्के अटळ अशी विभागणी केली. ते अहवाल बहुतेक कारखान्यातल्या वरिष्ठांनी भरलेले असत. बोट गेलेल्या माणसाने लिहिलेला रकाना त्यात नव्हता. नंतरच्या अभ्यासकांनी या आकड्यावर भरपूर टीका केली, मूळ कागद तपासायला मिळाले नाहीत हेही सांगितलं. तरी तक्ता भिंतीवरून उतरला नाही. मालकाला तो सोयीचा आहे, सुपरवायझरला सोयीचा आहे, आणि खरं सांगायचं तर शेजारच्या प्रेसवर उभ्या असलेल्या कामगारालाही सोयीचा आहे. त्याची चूक होती म्हणून त्याचं गेलं, मी नीट करतो म्हणून माझं जाणार नाही, असं मानल्याशिवाय रोज तिथे उभं कसं राहायचं?

"मला एक सांगा," सिस्टर म्हणाल्या. "माझ्याकडे यायची ती मुलं म्हणायची, सिस्टर, मी पॅडलवर पाय दिलाच नव्हता. मशीन आपोआप आलं. आम्हाला वाटायचं, घाबरलंय पोरगं. असं होतं का हो?"

अण्णा आता घरच्या मैदानावर होते. त्यांनी खिशातलं पेन काढून कागदावर फ्लायव्हील काढलं. या गल्लीतल्या बहुतेक जुन्या प्रेस की-क्लचच्या. मोटर फ्लायव्हील सतत फिरवत राहते. पॅडल दाबलं की एक पोलादी की सरकते, फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट एकमेकांत गुंततात आणि रॅम पूर्ण एक फेरी मारतो. गुंतल्यावर मधे थांबायची सोय नाही. मालकाने ओरडून, कामगाराने पाय काढून, कशानेही थांबत नाही. फेरी पुरी झाली की कीने बाहेर यायचं आणि ब्रेकने रॅम वरच्या वर धरायचा. की झिजली, तिची स्प्रिंग थकली किंवा ब्रेकच्या लायनिंगला तेल लागलं, तर रॅम वर थांबत नाही. पॅडल न दाबता पुन्हा खाली येतो.

"आम्ही त्याला डबल मारणं म्हणतो," अण्णा म्हणाले. "होतं. नाही कशाला म्हणू."

"आणि डबल मारलं तेव्हा ते पोरगं मोबाईल बघत असेल?"

अण्णांनी पेनचं टोपण लावलं. त्यांचाच कागद त्यांच्या तक्त्याच्या विरोधात साक्ष देत होता.

पण ते गप्प बसणारे गृहस्थ नाहीत. त्यांनी दुसरी बाजू काढली आणि ती कच्ची नव्हती. "ठीक. मग काय करायचं? सेन्सर लावा म्हणता सगळे. गेल्या वर्षी एक विक्रेता आला, सेन्सर दाखवून गेला. उजेडाचा पडदा, हात मधे आला की मशीन थांबतं. मी विचारलं, की-क्लचला चालेल? म्हणतो, चालेल साहेब. कसं चालेल? मधे थांबतच नाही ती प्रेस! सेन्सरने ओरडायचं आणि रॅमने यायचं. सेन्सर हवा तर आधी न्यूमॅटिक क्लच पाहिजे, म्हणजे अर्धी प्रेस बदलायची. माझ्या जुन्या प्रेसला तो खर्च तिच्याच किमतीच्या घरात जातो."

इथे अण्णा शंभर टक्के बरोबर आहेत, आणि कामगार सुरक्षेवर कळकळीने बोलणाऱ्या पुष्कळांना हे ठाऊक नसतं. पूर्ण फेरी मारणाऱ्या प्रेसवर उजेडाचा पडदा ही नुसती शोभा. त्याहून वाईट, ती खोटा धीर देते. अशा प्रेसला अडथळाच हवा. डायभोवती पक्की जाळी, किंवा आधी फाटक बंद आणि मगच की सरकणार अशी जोडणी. धुण्याच्या मशीनचं झाकण उघडं असलं की ड्रम फिरत नाही, तेच तत्त्व. किंवा मग हात आत जायची गरजच संपवायची: पट्टी बाहेरून सरकवायची, तुकडा घसरगुंडीवरून आत ढकलायचा, तयार जॉब हवेच्या झोताने बाहेर उडवायचा. पंच आणि डायमधली उघडीप सहा मिलिमीटरपेक्षा कमी ठेवता आली तर बोट आत शिरतच नाही. यातल्या कशालाही परदेशी तंत्र लागत नाही. जाळी पत्र्याची किंवा सळईची असते, आणि ही अख्खी गल्ली दिवसभर पत्राच कापत असते.

"जाळी आम्ही करत नाही का?" अण्णा म्हणाले. "केली होती. माझ्याकडे दिवसाला चार वेळा डाय बदलते. पाचशेचा लॉट, हजाराचा लॉट. एका डायची जाळी दुसरीला बसत नाही. सेटरने काढली ती कोपऱ्यात पडली. दोन हातांची बटणं लावली, म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय स्ट्रोक नाही. चौथ्या दिवशी बघतो तर एका बटणावर चिकटपट्टी! एका हाताने जॉब, एका हाताने बटण. मी लावली का ती पट्टी?"

"त्याने का लावली असेल?"

"नग जास्त निघतात म्हणून."

"आणि नगावर पैसे कोण देतं?"

हा प्रश्न उत्तरासाठी नव्हता. तरी अण्णांनी उत्तर दिलं, कारण त्यांनाही कुणीतरी नगावरच पैसे देतं. वरच्या पुरवठादाराने एका ब्रॅकेटचा दर ठरवलेला आहे. पत्र्याचा भाव, विजेचं बिल, गाळ्याचं भाडं त्यात कसंबसं बसतं, आणि दर वर्षी काही टक्के दर कमी करा असा निरोप येतो. त्या दरात ब्रेक लायनिंगचं नाव कुठेच नसतं. गुणवत्तेची तपासणी करायला वरून माणूस येतो, जॉबच्या कडेला बर, म्हणजे कापताना राहिलेली खरखरीत धार, असेल तर अख्खा लॉट परत पाठवतो. तोच माणूस उघड्या प्रेससमोरून चालत जातो, तिकडे बघायचं त्याच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

वाहनउद्योगाच्या या साखळीकडे बोट दाखवणारं काम 'सेफ इन इंडिया' ही संस्था काही वर्षं करते आहे. गुरुग्राम-मानेसरपासून सुरुवात करून ती पुण्याकडेही आली. २०१९ पासून ती 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. जखमी कामगारांशी बोलून केलेल्या या अहवालांत पॉवर प्रेस हे अपघाताचं सर्वांत मोठं कारण म्हणून पुन्हा पुन्हा येतं. बोटं चिरडलेला कामगार सरासरी दोन बोटं गमावतो. आणि अनेकांना कामगार विम्याचं, म्हणजे ईएसआयचं, कार्ड हातात पडतं ते अपघात झाल्यावर.

या कार्डाचा विषय निघाला तसा सिस्टरांचा आवाज चढला. "मी बघितलंय. पोरगं टेबलावर, आणि ठेकेदाराचा माणूस बाहेर फोनवर, नोंदणी टाक रे आधी." वेतन महिना २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या कामगाराचा हा विमा. मालकाने वेतनाच्या ३.२५ टक्के भरायचे, कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के जायचे. त्या बदल्यात उपचार, रजेच्या काळात वेतनाच्या ९० टक्के आणि कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा रक्कम. "एवढ्यासाठी लोक लपवाछपवी करतात."

कायमच्या अपंगत्वाची रक्कम ठरवणारं एक कोष्टक कायद्यात आहे. ते वाचायला धीर लागतो. अंगठा पूर्ण गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के कमी झाली असं धरतात. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. बोटाच्या टोकाचं मांस गेलं पण हाड वाचलं, तर त्याचाही टक्का ठरलेला आहे. हिशेबाला काहीतरी माप लागतंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण या कोष्टकात बावीस वर्षांचा मुलगा आणि पन्नाशीचा ऑपरेटर यांची तर्जनी सारख्याच टक्क्याची आहे. लग्नाच्या बोलणीत मुलाचा हात बघून पाहुणे काय म्हणतात, याचा रकाना तर नाहीच.

सिस्टरांनी मधेच दुसरी गोष्ट काढली, आणि सप्ताहात सांगण्यासारखं जर काही असेल तर ते हेच, असं लेखकाचं मत आहे. तुटलेलं बोट लोक कसं आणतात? तेलकट कॉटन वेस्टमध्ये गुंडाळून. किंवा पाण्याच्या बाटलीत बुडवून. किंवा शेजारच्या टपरीवरच्या बर्फात थेट पुरून. तिन्ही चूक. स्वच्छ कापड ओलं करून त्यात बोट गुंडाळायचं, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बर्फ मांसाला थेट लागला की ते जळतं. गार ठेवलेलं बोट बऱ्याच तासांनीही जोडायचा प्रयत्न करता येतो. "पण ते सुरीने किंवा शिअरवर सरळ कापलेल्याचं," सिस्टर म्हणाल्या. "प्रेसखालचं बोट कापलेलं नसतं, चेंगरलेलं असतं. त्यातली रक्तवाहिनी शोधायची कुठे? सर्जन बघायचे आणि नुसती मान हलवायचे."

अण्णांनी चहा मागवला. मग सरकारवर घसरले, म्हणाले कायदा तरी कुठे धड आहे. यात नवीन काही नाही, पण त्या तक्रारीमागचा इतिहास पाहण्यासारखा आहे. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. धोकादायक यंत्राभोवती कुंपण हवं, ही तरतूद त्यातच होती. म्हणजे प्रेसला जाळी हवी हा विचार एकशे चाळीस वर्षांहून जुना. पण तो कायदा शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्याला लागू होता. १८९१ मध्ये ती संख्या पन्नासवर आली, १९२२ मध्ये वीसवर. १९४८ च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा माणसं असली की कारखाना धरला. सत्तर वर्षांत शंभरावरून दहावर आलेली ही उतरंड २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने उलटी फिरवली: कारखाना ठरायला आता वीज असेल तर वीस माणसं लागतात, नसेल तर चाळीस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या. दहा माणसांच्या आस्थापनेला संहितेची सर्वसाधारण कर्तव्यं आहेत. त्याखालच्या गाळ्याचं काय, हे गाळ्यानेच ठरवायचं.

"माझ्याकडे नऊ माणसं आहेत," अण्णा म्हणाले.

"प्रेस मोजते का, किती माणसं आहेत ते?"

कायद्याइतकाच कामगारांच्या मागणीचा इतिहासही जुना आहे. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. पाच हजारांहून अधिक सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांच्या लक्षात राहिली, कारण ती १८९० मध्ये मिळाली. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा यायला त्यानंतर १९२३ साल उजाडलं. हे निवेदन कामगारांनी स्वतः केलं होतं. त्यांना कुणी शपथ दिली नव्हती.

अण्णांचा शेवटचा बचाव असा, की छोट्या गाळ्यातला अपघात एका माणसाचा असतो. गल्लीने त्यात का पडावं? सिस्टरांनी वाद न घालता दोन गावांची नावं घेतली. तळवडे आणि उरवडे. ७ जून २०२१ रोजी मुळशीतल्या उरवड्याच्या रासायनिक कारखान्यात आग लागली, सतरा कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाजीच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या बेकायदा शेडमध्ये स्फोट होऊन आग लागली. सहा जणांचा जीव त्याच दिवशी गेला, आकडा नंतर वाढला. शेजाऱ्यांना शेड दिसत नव्हती असं नाही. आत काय भरतात, दार कुठल्या बाजूला उघडतं, हे विचारायचं कुणाचं काम, तेवढं ठरलेलं नव्हतं. डोंबिवलीत २६ मे २०१६ ला झालेल्या स्फोटाने तर कारखान्याबाहेरच्या घरांच्या काचा फोडल्या, आणि २३ मे २०२४ ला त्याच एमआयडीसीत पुन्हा तेच घडलं. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत २०१७ ते २०२० या काळात रोज सरासरी तीन कामगार मेले, ही सरकारी आकड्यांतूनच निघणारी गोष्ट. तळवड्याच्या त्या शेडसारख्या जागा असल्या आकड्यांत येत नाहीत.

मग बोलणं खाली उतरलं, म्हणजे कामावर आलं. दोनशे जोड हातमोज्यांचे पैसे वाचत होतेच. गल्लीच्या टोकाला एक वयस्कर फिटर आहे, की-क्लचच्या प्रेस उघडण्यात आयुष्य गेलेला. सप्ताहाच्या पैशांतून त्याला गल्लीतल्या प्रेस तपासायला लावायचं, की आणि स्प्रिंग बघायची, ब्रेक लायनिंग बदलायचं, हे अण्णांनीच सुचवलं. सिस्टरांना त्यांनी समजावलं की हे काम चालू मशीनवर होत नाही. मेन स्विच पाडून त्याला कुलूप घालायचं, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्यायचं, रॅमखाली ठोकळा द्यायचा आणि मगच हात घालायचा. गुरुवारी या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी असते, तेव्हा जमेल. खंडेनवमीला आपण मशीन धुऊन-पुसून झेंडू वाहतो, एरवी वर्षभर कुणी झाकण उघडत नाही, हेही तेच म्हणाले. शिवाय प्रत्येक प्रेसला लोहचुंबकाची दांडी आणि लांब चिमटा दोरीने बांधून ठेवायचा, म्हणजे अडकलेला जॉब काढायला हात जाणार नाही. सुटे ठेवले तर संध्याकाळपर्यंत नाहीसे होतात. सरकवून कमी-जास्त होणारी एक जाळी नमुना म्हणून करून बघायची. ती चार डायांना बसली तर बाकीच्यांनी करायची.

सिस्टरांनी एक वही सुचवली. बोट जाता जाता वाचलं, प्रेसने डबल मारलं, वायर तापली, असं जे जे घडेल ते त्यात लिहायचं. नाव न घालता. इथे अण्णा अडले आणि अडूनच राहिले. "लेखी काही नको. उद्या काही झालं तर तीच वही माझ्या विरोधात दाखवतील, तुम्हाला माहीत होतं म्हणून." सिस्टरांचं म्हणणं, माहीत होतंच की. वही नसेल तर माहीत नव्हतं असं होईल का? यावर दोघांचं जमलं नाही. अण्णांची भीती खोटी नाही. धोक्याची नोंद करणाऱ्यालाच आधी धरलं जातं असा अनुभव असेल तर कोण लिहील? आणि न लिहिता फिटरला तरी कळणार कसं, की सहापैकी कुठली प्रेस आधी उघडायची?

ते अण्णांना तोंडी ठाऊक होतं. तीन नंबरची. गेल्या महिन्यात दोनदा डबल मारलं होतं तिने.

"मग गुरुवारी पहिली तीच," सिस्टर म्हणाल्या.

"तिच्यावर लॉट चालू आहे. शुक्रवारी सकाळी गाडी लागणार. या गुरुवारी सुट्टी नाही आमच्याकडे."

"आणि तोवर तिच्यावर कोण उभं आहे?"

परभणीकडचा एक मुलगा, दिवाळीनंतर लागलेला. अण्णा उठले, फोन घेऊन बाहेर गेले. वरच्या पुरवठादाराला त्यांनी सांगितलं, माल शनिवारी देतो, मशीन दुरुस्तीला काढतोय. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. आत आल्यावर ते म्हणाले, "शनिवारचं घेतो म्हणाला. पण अर्धा लॉट दुसरीकडे देणार." ते दुसरीकडे म्हणजे पलीकडच्या गल्लीत, तशाच एका प्रेसवर. सिस्टरांनी त्या गाळ्याच्या मालकाचा नंबर मागितला.